विश्लेषण : जादा भावाने घेतलेला बाँड, विवरणपत्रातला प्रीमियम आणि आपला खिसा

वज्रेश्वरी : बाँड घ्यायचा तर मुंबईच्या दलालाकडे जायचे, हे आता मागे पडले. सेबीने २०२२ मध्ये ऑनलाइन बाँड मंचांसाठी नियम केले आणि भिवंडी तालुक्यातल्या गावात बसूनही मोबाइलवर रोखे घेता येऊ लागले. मात्र बाजारात १,००० रुपयांचा चांगला बाँड १,०६० रुपयांना मिळतो. वरचे ६० रुपये म्हणजे प्रीमियम. प्राप्तिकर विवरणपत्र भरताना या ६० रुपयांचे काय करायचे, इथे अनेकांची गफलत होते.

प्रीमियम का मोजावा लागतो?

बाँडचा व्याजदर ठरलेला असतो. बाजारातले दर उतरले की जुना, जास्त व्याजाचा बाँड हवाहवासा होतो आणि त्याचा भाव दर्शनी मूल्याच्या वर जातो. मुदत संपल्यावर मात्र दर्शनी मूल्यच परत मिळते. म्हणजे जास्त मिळणाऱ्या व्याजाचा एक भाग आपण आधीच मोजलेला असतो.

एक उदाहरण घेऊ. समजा, भिवंडीत गोदाम भाड्याने देणाऱ्या वज्रेश्वरीतील एका गुंतवणूकदाराने ९ टक्के व्याजाचे, तीन वर्षे मुदत उरलेले, शेअर बाजारात नोंदलेले १०० बाँड घेतले. खर्च १,०६,००० रुपये. वर्षाला व्याज ९,००० रुपये, तीन वर्षांत २७,०००. शेवटी परत मिळणार १,००,०००. म्हणजे खरी कमाई २१,००० रुपये.

मग कर २१,००० वर की २७,००० वर?

आपल्याकडे उत्तर आहे २७,००० वर. वैयक्तिक गुंतवणूकदाराने दरवर्षीचे पूर्ण व्याज ‘इतर स्रोतांपासूनचे उत्पन्न’ या सदरात दाखवायचे आणि त्यावर आपल्या टप्प्याच्या दराने कर भरायचा. प्रीमियमचे तीन भाग करून दरवर्षी व्याजातून २,००० रुपये वजा करण्याची सोय नाही. तसे करून ७,००० दाखवले, तर वार्षिक माहिती विवरणातल्या ९,००० शी आकडा जुळत नाही आणि विचारणा होऊ शकते.

प्रीमियम मग वायाच जातो का?

नाही. तो बाँडच्या खरेदी किमतीत धरला जातो. मुदतीअखेर १,०६,००० ला घेतलेल्या मालमत्तेचे १,००,००० आले, म्हणजे ६,००० रुपयांचा भांडवली तोटा झाला. नोंदलेला बाँड १२ महिन्यांहून अधिक काळ ठेवला असेल तर हा तोटा दीर्घकालीन ठरतो आणि केवळ दीर्घकालीन भांडवली नफ्यातूनच वजा होतो. त्या वर्षी असा नफा नसेल तर पुढील आठ वर्षे तोटा पुढे ओढता येतो. पण त्यासाठी विवरणपत्र मुदतीतच भरायला हवे.

खरा फटका इथे आहे. गुंतवणूकदार ३० टक्क्यांच्या टप्प्यात असेल तर २७,००० वर ८,१०० रुपये कर. तोटा मात्र १२.५ टक्के कर लागणाऱ्या नफ्यातून वजा होणार, म्हणजे वाचले ७५० रुपये. प्रीमियम व्याजातूनच वजा झाला असता तर १,८०० वाचले असते. (उपकर धरलेला नाही.)

इतरत्र काय पद्धत आहे?

अमेरिकेत करपात्र बाँडचा प्रीमियम दरवर्षी व्याजातून वजा करण्याचा पर्याय गुंतवणूकदाराला असतो. तिथल्या ‘शेड्यूल बी’मध्ये आधी पूर्ण व्याज लिहितात आणि खाली ‘एबीपी अ‍ॅडजस्टमेंट’ म्हणून प्रीमियमचा त्या वर्षाचा हिस्सा वजा दाखवतात. हिस्से समान नसतात. खरेदी किमतीला खऱ्या परताव्याच्या दराने गुणतात आणि मिळालेल्या व्याजातून ते उत्तर वजा करतात. आपल्या उदाहरणात खरा परतावा सुमारे ६.७२५ टक्के. वर्षाला एकदा व्याज धरले तर पहिल्या वर्षी वजावट सुमारे १,८७१ रुपये. तेवढ्याने किंमत कमी करून पुन्हा तोच हिशेब केला की दुसऱ्या वर्षी १,९९७ आणि तिसऱ्या वर्षी २,१३२. बेरीज ६,०००.

आपल्याकडेही बँका मुदतीपर्यंत ठेवायच्या रोख्यांवरचा प्रीमियम उरलेल्या वर्षांत वाटून टाकतात. घरगुती गुंतवणूकदाराला ती मुभा नाही.

करमुक्त बाँडचे काय?

राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण, आरईसी, हुडको आदींचे करमुक्त बाँड २०१६ नंतर नव्याने निघालेले नाहीत. त्यामुळे ते बाजारातूनच आणि बहुधा प्रीमियमने घ्यावे लागतात. व्याजावर कर नाही, म्हणून व्याजदर पाहून भुलू नये. ८.५ टक्के व्याजाचा, पाच वर्षे उरलेला बाँड १,१५० ला घेतला तर खरा परतावा जेमतेम ५ टक्के पडतो. व्याज करमुक्त असले तरी मुदतीअखेरचा १५० रुपयांचा तोटा भांडवली तोटा म्हणून दाखवता येतो. अनेक जण ‘करमुक्त आहे’ म्हणून तो विवरणपत्रात लिहीतच नाहीत.

काय लक्षात ठेवावे?

* खरेदीचे कॉन्ट्रॅक्ट नोट जपून ठेवा. तोटा दाखवायची वेळ अनेक वर्षांनी येते.
* त्यावर बाँडचा भाव आणि साचलेले व्याज वेगळे असते. साचलेले व्याज म्हणजे प्रीमियम नव्हे. त्याची नोंद कशी करायची, ते करसल्लागाराला विचारा.
* भांडवली तोटा दाखवायचा तर आयटीआर-१ चालत नाही. पगार, पेन्शन, भाडे असे उत्पन्न असणाऱ्यांनी आयटीआर-२, तर व्यवसायाचे उत्पन्न असणाऱ्यांनी आयटीआर-३ भरावा.
* बाजारात न नोंदलेल्या बाँडचा २३ जुलै २०२४ पासूनचा नफा-तोटा, तो कितीही काळ ठेवला तरी, अल्पकालीनच धरला जातो.
* घेण्यापूर्वी व्याजदराऐवजी मुदतीअखेरचा परतावा विचारा आणि त्यातून कर वजा करून मुदत ठेवीशी तुलना करा.