पॉझिटिव्ह रक्तकल्चर : जिवाणूची ओळख लवकर कशी पटते?

बाटलीचा संकेत

रक्तात जंतुसंसर्ग झाल्याचा संशय असला की प्रौढ रुग्णाचे ८ ते १० मिलिलिटर रक्त पोषक द्रवाच्या बाटलीत घालून ती यंत्रात उबवतात. वाढणारे जिवाणू कार्बन डायऑक्साइड सोडतात. यंत्र तो टिपते आणि बाटली पॉझिटिव्ह ठरते. आत जिवाणू आहेत एवढेच यातून कळते. कोणते, ते नाही.

वेळ कुठे जातो

१८८४ पासून रूढ असलेले ग्रॅम रंजन थोड्याच वेळात आकार आणि गट दाखवते. नावासाठी मात्र अगरच्या प्लेटवर वसाहती दिसेपर्यंत साधारण १८ ते २४ तास थांबावे लागते. रात्री दोनला पॉझिटिव्ह झालेली बाटली सकाळी नऊला काढली, तर आणखी सात तास वाया जातात. हा विलंब कोणत्याही नव्या यंत्राने भरून निघत नाही.

मॅल्डी-टॉफ

या यंत्रात लेसरमुळे जिवाणूंची प्रथिने विद्युतभारित होऊन निर्वात नळीतून धावतात. हलकी आधी पोहोचतात, जड मागाहून. त्यातून उमटणारा आलेख प्रामुख्याने रायबोसोममधील प्रथिनांचा असतो. तो संग्रहातील आलेखांशी ताडला की काही मिनिटांत प्रजाती कळते.

रक्ताचा अडसर

बाटलीतला द्रव थेट यंत्रात घालता येत नाही, कारण हिमोग्लोबिन हेही प्रथिनच. त्याच्या खुणा जिवाणूंच्या खुणांत मिसळतात. म्हणून सॅपोनिनसारख्या द्रव्याने रक्तपेशी फोडतात, सेंट्रीफ्यूजमध्ये फिरवून जिवाणू तळाशी बसवतात आणि धुऊन घेतात. ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूंत ही रीत चांगली चालते. जाड भित्तीचे ग्रॅम-पॉझिटिव्ह जिवाणू आणि यीस्ट जास्त त्रास देतात. दुसरा मार्ग साधा आहे : प्लेट ४ ते ६ तासच उबवायची आणि तिच्यावरचा पुसट थर तपासायचा. वेगळे किट लागत नसल्याने लहान प्रयोगशाळेला हाच अधिक परवडावा. अर्थात मूळ यंत्र महागच.

मर्यादा

ई. कोलाय आणि शिगेला हे जवळचे नातलग नेहमीच्या मॅल्डी-टॉफला वेगळे करता येत नाहीत. एका बाटलीत दोन प्रजाती असल्या, तर एक निसटू शकते.

औषधाशी जोड

कोणते प्रतिजैविक लागू पडेल, हे प्रजातीच्या नावावरून पूर्ण ठरत नाही. युरोपातील ‘युकास्ट’ समितीच्या जलद पद्धतीत बाटलीतला द्रव प्लेटवर पसरून औषधाच्या चकत्या ठेवतात आणि भोवतीची वाढ नसलेली वर्तुळे ४, ६ व ८ तासांनी मोजतात. या मापांचे निकष प्रत्येक प्रजातीसाठी निराळे आहेत. त्यामुळे वर्तुळ चौथ्या तासाला स्पष्ट दिसले, तरी प्रजाती ठरलेली नसेल तर त्याचा अर्थ लावता येत नाही.