पाण्याचा पडदा होतो तेव्हा

रात्री न्हाणीघरातला दिवा मालवा आणि पाण्याने भरलेल्या बादलीवर मोबाइलची टॉर्च सरळ वरून धरा. पाण्याचा पृष्ठभाग उजळत नाही, उजळतो तो बादलीचा तळ. सरळ पडलेल्या प्रकाशापैकी जेमतेम दोन टक्के पृष्ठभागावरून परत फिरतो आणि बाकीचा सगळा आत उतरतो. जो परततो तोही आरशातून परततो तसा, एकाच ठरलेल्या दिशेने. सिनेमाच्या पडद्याचं वागणं याच्या अगदी उलट असतं. त्याच्यावरचा प्रत्येक ठिपका मिळालेला प्रकाश चहूकडे उधळतो, म्हणून डाव्या कोपऱ्यातल्या खुर्चीवरून आणि उजव्या कोपऱ्यातल्या खुर्चीवरून चित्र सारखंच दिसतं. स्वच्छ पाण्याला ही उधळण जमत नाही. त्याच्यावर कितीही सुंदर चित्र सोडा, ते सरळ बुडून जातं.

आता त्याच बादलीत दोन चमचे दूध घाला. जादू झाल्यासारखा प्रकाशाचा झोत पाण्यात उभा दिसू लागतो. दुधातले स्निग्धांशाचे थेंब काही मायक्रॉनचे असतात. केसीन प्रथिनाचे पुंजके त्याहून कितीतरी लहान, मायक्रॉनच्या दहाव्या-पाचव्या हिश्श्याएवढे. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबीही ०.४ ते ०.७ मायक्रॉन म्हणजे याच मापातली, म्हणून हे कण प्रकाशाला वाटेत गाठतात आणि दिशा बदलायला लावतात. थोडं थांबून पाहिलं तर बाजूने ते पाणी किंचित निळसर दिसतं आणि झोताचं पलीकडचं टोक पिवळट. बारीक कण निळा प्रकाश जास्त विखुरतात, पुढे उरतो तो पिवळा-तांबडा. जॉन टिंडल या शास्त्रज्ञाने १८६०च्या दशकात अशाच प्रकाशझोतांवर प्रयोग केले, आणि आकाशाचा निळा रंग समजायला त्यांची मोठी मदत झाली. दुपारचं आभाळ आणि मावळतीची लाली, दोन्हींमागचा नियम दोन चमचे दुधाने बादलीत उतरतो.

पाण्यावर चित्र सोडणाऱ्या जगभरच्या कलाकारांचं काम या दोन बादल्यांच्या मध्ये कुठेतरी घडतं. नुसतं पाणी चित्र धरत नाही, त्यात काहीतरी मिसळावं लागतं. कधी कण, कधी हवा, आणि कधी तर माणसंच.

टोकियोच्या तोयोसू भागात जुलै २०१८मध्ये ‘टीमलॅब प्लॅनेट्स’ हे संग्रहालय सुरू झालं. तोशियुकी इनोको आणि त्यांच्या सोबत्यांनी २००१ साली सुरू केलेल्या ‘टीमलॅब’ या गटाची ही निर्मिती. कलाकार, प्रोग्रॅमर, अभियंते, गणिती असे सगळे या गटात एकत्र काम करतात. इथल्या एका दालनात चपला-बूट काढून, कपडे गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उतरावं लागतं. पाणी दुधट पांढरं आहे आणि भिंतींना आरसे लावलेले, त्यामुळे दालनाला अंतच दिसत नाही. त्या पाण्यावर प्रकाशाचे कोई मासे पोहत असतात, जपानी बागांच्या तळ्यांत पाळतात ते. माणसं चालतात तसे मासे वळतात, एकमेकांनाही चुकवतात, आणि त्यांच्या वाटांच्या रंगीत रेषा पाण्यावर उमटत राहतात. एखादा मासा कुणाच्या पायाला धडकला की त्याचं फूल होतं आणि पाकळ्या पसरत जातात. ही फुलं वर्षभरात ऋतूप्रमाणे बदलतात. यातलं काहीही आधी चित्रित केलेलं नाही. संगणक प्रत्येक क्षणाचं चित्र त्याच क्षणी रचतो, म्हणून एकदा दिसून गेलेलं दृश्य जसंच्या तसं परत येत नाही.

एरवी संग्रहालयात आपण समोरची गर्दी हटायची वाट पाहतो. या दालनात गर्दी हटली तर फुलंच फुलणार नाहीत. अनोळखी माणसाच्या पायाशी उमललेलं फूल वाहत आपल्याकडे येतं, आणि तो माणूस तिथे आला याचं मनापासून बरं वाटावं, अशी ही रचना आहे. मला हे फार मोलाचं वाटतं.

याच कल्पनेचा एक अवतार उघड्यावर, खऱ्या तळ्यावरही झाला आहे. क्यूशू बेटावरच्या ताकेओ शहरात मिफुनेयामा राकुएन नावाची बाग आहे. ताकेओचे सरदार नाबेशिमा शिगेयोशी यांनी ती १८४५ साली पूर्ण केली. डोंगराच्या पायथ्याशी पाच लाख चौरस मीटर पसरलेल्या या बागेच्या तळ्यावर टीमलॅबने प्रकाशाचे मासे सोडले. इथे पाण्यात माणसं नाहीत, एक छोटी होडी आहे, आणि ती जाईल तसे मासे आपली वाट बदलतात. तळ्याच्या पाण्यात गाळाचे आणि शेवाळाचे कण मुळातच असतात. ज्या गढूळपणाला आपण नाकं मुरडतो, तो इथे पडद्याचं काम करतो.

माशांना पाय कुठे आहे हे कळतं कसं? अशा रचनांत सहसा वर छताला अवरक्त प्रकाश टिपणारे कॅमेरे किंवा अंतर मोजणारे सेन्सर लावतात. साधा कॅमेरा इथे गोंधळून जाईल, कारण त्याला माणसांबरोबर प्रोजेक्टरचे मासेही दिसतील आणि संगणक स्वतःच्याच चित्राचा पाठलाग करत बसेल. अवरक्त कॅमेऱ्याला रंगीत चित्र दिसत नाही, फक्त शरीरं दिसतात. यात पाण्याचीही एक मदत होते. अवरक्त प्रकाश ते दृश्य प्रकाशापेक्षा कितीतरी जास्त शोषतं. त्यामुळे कॅमेऱ्याला पाणी काळपट दिसतं आणि त्यातून वर आलेली माणसं उठून दिसतात. मग सगळी कसोटी वेगाची. पाय हलल्यापासून मासा वळेपर्यंत सेकंदाच्या दहाव्या भागाहून जास्त वेळ गेला, तर मासा जिवंत वाटत नाही.

प्रोजेक्टरची जागाही पाणीच ठरवतं. काठावरून तिरपा प्रकाश सोडला तर पाण्याचं आरसेपण वाढतं. सरळ वरून दोन टक्के परतणारा प्रकाश पृष्ठभागाशी दहा अंशांच्या कोनात आला तर सुमारे पस्तीस टक्के परततो, आणि तोही समोरच्या काठावर जाऊन पडतो. म्हणून पाण्यात चित्र हवं असेल तर प्रोजेक्टर जमेल तितका डोक्यावर टांगावा लागतो.

पण हे आरसेपण कुणी कामाला लावलं तर?

६ ऑगस्ट १९४५ला हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला तेव्हा भाजलेली, तहानलेली असंख्य माणसं नद्यांकडे धावली आणि तिथेच मरण पावली. ज्या इमारतीचा सांगाडा आज अणुबॉम्ब घुमट म्हणून जपला आहे, तिच्या पायाशी मोतोयासू नदी वाहते. ऑगस्ट १९९९मध्ये, त्या दिवसाच्या स्मरणाच्याच आठवड्यात, मूळ पोलंडचे कलाकार क्षिश्तोफ वोदिच्को यांनी या घुमटाखालच्या दगडी काठावर चलच्चित्रं सोडली. चित्रात चेहरे नव्हते, फक्त हात होते. बॉम्बमधून वाचलेली माणसं, त्यांच्या पुढच्या पिढ्यांतली माणसं, युद्धकाळात जपानात असलेले कोरियन लोक आपापली कहाणी सांगत होते आणि सांगताना होणारी त्यांच्या हातांची हालचाल नदीकाठावर प्रचंड मोठी होऊन दिसत होती. पलीकडच्या तीरावर लोक उभे राहून ऐकत होते. काठावरचे हात खाली नदीतही उतरले होते, कारण दूरवरून तिरप्या नजरेने पाहणाऱ्याला पाणी आरशासारखंच दिसतं. वर घुमट म्हणजे जणू डोकं, मध्ये बोलणारे हात आणि खाली थरथरणारं प्रतिबिंब, असं ते सगळं मिळून एकच शरीर झालं होतं. लोकसहभागातून झालेल्या कलेत याहून खोल काम मला माहीत नाही. त्या शहराच्या लोकांचा आवाज, त्यांचेच हात, आणि साक्षीला त्यांची नदी.

पाणी आडवंच असायला हवं असंही नाही. फवाऱ्याच्या तोंडातून ते जोराने पंख्याच्या आकारात वर फेकलं की बारीक थेंबांचा उभा पडदा तयार होतो. कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडमध्ये १९९२ सालापासून ‘फँटॅस्मिक’ हा खेळ अशाच तुषारांच्या पडद्यांवर होतो आहे. दिल्लीच्या अक्षरधाममध्येही पाण्याच्या पडद्यावर खेळ चालतो. या थेंबांची एक गंमत आहे. ते तरंगलांबीपेक्षा बरेच मोठे असल्याने बहुतेक प्रकाश पुढच्याच दिशेला ढकलतात. सूर्यासमोर आलेल्या ढगाची कड झळाळते ती याच कारणाने. म्हणून प्रेक्षकांना प्रोजेक्टरच्या समोर, पडद्याच्या पलीकडे बसवतात.

थेंब धुक्याएवढे बारीक असले तरी चालतं. नेदरलँड्सची सुमारे २६ टक्के जमीन समुद्रसपाटीखाली आहे. बांध नसते तर पाणी कुठवर आलं असतं, हे दाखवणारं ‘वॉटरलिख्ट’ हे काम डान रोझेगार्डे यांनी २०१५ साली केलं. आधी एका नदीच्या पूरमैदानावर, मग अॅमस्टरडॅमच्या म्युझियमप्लाइन चौकात. लेन्स लावलेल्या एलईडी दिव्यांच्या निळ्या रेषा धुक्यावर पडून लोकांच्या डोक्यावर लाटांसारख्या हलत होत्या. हजारो माणसं त्या निळ्या छताखाली, म्हणजे पाणी असतं तर त्याच्या तळाशी, मान वर करून उभी होती. वारा आला की लाटांचा आकार बदलायचा. इथे संगणकाच्या जोडीला वाराही चित्र काढत होता.

हे सगळं आपल्याकडे एखाद्या गावाला, शाळेला किंवा मंडळाला जमेल का? पाण्यावर चित्र काढण्याचा सराव महाराष्ट्राला नवा नाही. रांगोळी प्रदर्शनांत पाण्यावरच्या रांगोळीपुढे आजही गर्दी थबकते. स्थिर पाण्यावर कोळशाची बारीक पूड चाळणीने भुरभुरवायची, पृष्ठताणावर ती तरंगत राहते, आणि त्या काळ्या थरावर रंगांनी चित्र भरायचं. चित्र धरायला पाण्याला कण लागतात, हे रांगोळी काढणाऱ्या हातांना कधीपासून ठाऊक आहे. काळ्याऐवजी पांढरी पूड तरंगवली तर तोच थर प्रोजेक्टरचा पडदा होऊ शकतो, आणि कुणी बोट फिरवलं तिथे चित्रात भोक पडेल.

खर्चाचा हिशेबही करून पाहू. शाळेतला साधा प्रोजेक्टर तीन हजार ल्यूमेनचा धरू. त्याचा प्रकाश तीन मीटर लांब, दोन मीटर रुंद हौदावर पसरला तर दर चौरस मीटरला पाचशे ल्यूमेन, म्हणजे पाचशे लक्स. वाचनाच्या टेबलावर असतो तेवढा हा उजेड आहे. तोच प्रोजेक्टर तीस बाय वीस मीटरच्या तळ्यावर लावला तर उरतात पाच लक्स. पौर्णिमेच्या चांदण्याचा उजेड पाव लक्सच्या आसपास असतो, तेव्हा गडद अंधारात पाच लक्सही दिसतील, पण रस्त्यावरचा एक दिवा ते पुसून टाकेल. म्हणून सुरुवात हौदापासून करावी. शिवाय जिवंत तळ्यात बेडूक, मासे, कीटक, त्यांवर जगणारी वटवाघळं यांची रात्र असते. आपल्या आनंदासाठी ती रोज उजळून टाकणं मला मान्य नाही. वीज पाण्यापासून दूर हवी, गळती होताच वीज तोडणारा ईएलसीबी बसवलेला हवा, आणि हौदात दूध घालू नये, कारण दुसऱ्या दिवशी ते नासतं.

खरं तर काहीच न घालताही सुरुवात करता येईल. हौदाचा तळ पांढरा रंगवायचा आणि वर स्वच्छ पाणी ठेवायचं. मग चित्र तळावर पडतं आणि डोळ्यापर्यंत येताना पाण्याचा पृष्ठभाग दोनदा ओलांडतं, एकदा खाली जाताना आणि एकदा वर येताना. दुधट पाण्यात चित्र वरच्या थरातच उमटतं, त्यामुळे लाटांनी ते फारसं मोडत नाही. इथे मात्र प्रत्येक लाट भिंग होते, प्रकाश कुठे गोळा करते, कुठे पांगवते. एका कडेला मुलाने हात बुडवला की पलीकडच्या कडेचा मोर लांबतो, तुटतो आणि पुन्हा जुळतो. दहा मुलांनी दहा बाजूंनी हात घातले तर दहा लाटा एकमेकींना छेदत जातात आणि मोराचे असे आकार होतात, जे कुणा एकालाही ठरवून काढता आले नसते. इथे सेन्सर लागत नाही, प्रोग्रॅम लागत नाही. पांढऱ्या ऑइलपेंटचा डबा, एक प्रोजेक्टर आणि तो टांगायला हौदावर एक भक्कम आडवा वासा, एवढ्यात काम होतं.