बीटवाल्यांचा मुलूख आणि पायाखालचा गॅस

गळीत हंगामापूर्वी आपल्याकडे बॉयलर अग्निप्रदीपन होते, तेव्हा जळण कुठून आणायचे हा प्रश्न आपल्याला फारसा पडत नाही. ऊस गाळला की बगॅस हाताशी असतेच. बीटापासून साखर करणाऱ्यांचे तसे नाही. बीट हा कंद. त्याचा ओला चोथा जनावरांच्या खाद्याला जातो आणि बॉयलरसाठी जळण बाहेरून घ्यावे लागते.

हॉलंडच्या उत्तरेस ग्रोनिंगेन शहराजवळ असा एक बीटसाखर कारखाना आहे. तोही शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेचाच. त्याच प्रांतात १९५९ साली स्लोख्तेरेन गावाजवळ एका शेतात बोअर घेतले आणि सुमारे ३ किलोमीटर खोल वालुकाश्मात नैसर्गिक वायूचा प्रचंड साठा लागला. युरोपातल्या सर्वांत मोठ्या साठ्यांपैकी तो एक. पुढच्या काही वर्षांतच देशभर नळ टाकले गेले आणि घरोघरच्या कोळशाच्या शेगड्या गेल्या.

तिकडे हिवाळ्यात घर तापवल्याशिवाय निभावत नाही. घरात एक लहान बॉयलर असतो. त्यात गॅस जळतो, पाणी तापते आणि ते नळांतून खोल्याखोल्यांत फिरते. जुन्या बॉयलरमध्ये बरीच उष्णता धुराड्यातून निघून जाई. नव्या पद्धतीत धूर इतका थंड करतात की त्यातल्या वाफेचे पाणी होते आणि वाफेतली उष्णताही कामाला येते. त्यामुळे शंभरातली नव्वदहून अधिक उष्णता घरात राहते. आपल्याकडे बगॅसच्या वजनात जवळजवळ निम्मे पाणी असते. त्याची वाफ होते आणि उष्णता घेऊन धुराड्याबाहेर जाते. बगॅस ओले आले की बॉयलरवाले का कुरकुरतात, ते यावरून कळावे.

गॅसचे गुण खरेच आहेत. राख नाही, काजळी नाही, आणि तेवढ्याच उष्णतेला कोळशाच्या सुमारे निम्माच कार्बन डायऑक्साइड. पण नैसर्गिक वायू म्हणजे मुख्यतः मिथेन, आपल्या गोबरगॅसमध्ये असतो तोच. तो न जळता गळून हवेत गेला, तर शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट आणि वीस वर्षांच्या हिशेबाने सुमारे ८० पट तापवतो. गळका गॅसवाहक नळ आणि गळकी गोबरगॅसची टाकी, दोघींचा दोष एकच.

ग्रोनिंगेनकरांवर मात्र वेगळेच संकट आले. गॅस उपसला तसा खालच्या खडकातला दाब कमी झाला, खडक दबत गेला आणि जमीन हादरू लागली. १६ ऑगस्ट २०१२ रोजी हाउझिंगे गावाजवळ ३.६ क्षमतेचा धक्का बसला. कोयनेचा १९६७ चा भूकंप आठवणाऱ्याला हा आकडा किरकोळ वाटेल. पण हादरा उथळ, वरची जमीन मऊ, आणि विटांची घरे असे धक्के सोसायला बांधलेलीच नव्हती. घरांच्या, जुन्या शेतवाड्यांच्या भिंतींना भेगा गेल्या. नुकसानीचे हजारो अर्ज आले आणि लोक वर्षानुवर्षे खेटे घालत राहिले.

आम्हाला यातली सर्वांत बोचणारी गोष्ट अशी : खाणींवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याने २०१३ च्या जानेवारीत उपसा कमी करा असे बजावले, आणि त्याच वर्षी उपसा उलट वाढला. पैसा मोठा होता हो! २०२३ साली तिथल्या संसदेच्या चौकशी समितीचा अहवाल आला. या साठ्यातून सरकारला सुमारे ३६० अब्ज युरो मिळाले, आणि ज्यांच्या पायाखालून गॅस निघाला त्यांच्या हिताकडे कानाडोळा झाला, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे.

ऑक्टोबर २०२३ मध्ये उपसा थांबला आणि २०२४ साली तो कायद्यानेच कायमचा बंद झाला. साठा संपला म्हणून नव्हे. खाली गॅस अजून पुष्कळ आहे. नव्या घरांना गॅसजोडणी देणे तर जुलै २०१८ पासूनच सर्वसाधारणपणे बंद आहे. बीट कारखान्याने आपल्या आवारात बीटाचा पाला, चोथा असल्या मालापासून जैववायू करण्याचा प्रकल्प उभारला आहे. आपण प्रेसमडपासून गॅस करण्याची चर्चा करतो, तोच हा मार्ग. अशा प्रकल्पाचे कागद सर्वसाधारण सभेपुढे येतील, तेव्हा गॅस किती निघेल याबरोबर गळती कोण आणि कशी मोजणार, हेही सभासदांनी जरूर विचारावे.