वारा डेन्मार्कचा, पाणी नॉर्वेचं

डेन्मार्कच्या किनाऱ्यावर वारं घोंघावू लागलं, की समुद्रापलीकडे नॉर्वेतल्या धरणांचे दरवाजे आवळले जातात. मधल्या स्कॅगेराक समुद्राच्या तळाशी विजेच्या केबल आहेत. पवनचक्क्यांची जादा वीज त्यांतून नॉर्वेला जाते आणि तेवढं पाणी धरणात राहतं. वारा पडला, की ते पाणी सोडायचं आणि वीज उलट धाडायची. पाणी पंपानं वर चढवायचीही गरज नाही, ते नुसतं सोडायचं थांबलं तरी पुरतं. डेन्मार्कमध्ये डोंगर नाहीत, म्हणून मोठी धरणंही नाहीत. तरी आज तिथली निम्म्याहून अधिक वीज वाऱ्यातून येते, याचं मोठं श्रेय या शेजाराला आहे.

मला थक्क करतं ते वेगळंच. यातल्या पहिल्या दोन केबल १९७६-७७ मध्ये पडल्या, तेव्हा डेन्मार्कची वीज कोळसा आणि तेलावर चालत होती. कोरड्या वर्षी नॉर्वेला औष्णिक वीज मिळावी, एरवी तिकडची जलविद्युत इकडे यावी, एवढाच हिशेब होता. कोळशासाठी बांधलेल्या वाटेनं पुढे वारा गेला.

चक्क्यांचं तंत्र मात्र घरचंच. डॅनिश अभियंते योहानेस यूल यांनी १९५७ मध्ये गेडसरला तीन पात्यांची २०० किलोवॉटची चक्की उभारली होती. १९७३ च्या तेलसंकटानंतर तोच धडा कामी आला. ट्विंडच्या शाळेत तर शिक्षक-विद्यार्थ्यांनी मिळून प्रचंड चक्की बांधली. ती १९७८ मध्ये फिरू लागली.

दक्षिणेकडे जर्मनीत हे लोण पोचलं ते कायद्याच्या जोरावर. १९९१ पासून तिथल्या वीज कंपन्यांना वाऱ्याची वीज ठरलेल्या दरानं घेणं बंधनकारक झालं. गिऱ्हाईक पक्कं म्हटल्यावर बँका कर्ज देऊ लागल्या, शेतकऱ्यांनी बांधावर चक्क्या उभ्या केल्या आणि डॅनिश कारखान्यांना सीमेलगतच बाजार मिळाला. नुसता वारा पाहून हे घडलं नसतं, असं मला ठामपणे वाटतं. वारा तर आधीही होताच.

पण केबलमधून विजेबरोबर शेजाऱ्याचे दरही येतात. २०२१-२२ मध्ये युरोपात गॅस महागला तेव्हा दक्षिण नॉर्वेतली वीजबिलंही भडकली आणि लोकांचा रोष केबलवर वळला. स्कॅगेराकच्या त्या पहिल्या दोन केबल आता जुन्या झाल्या आहेत. त्या बदलून नव्या टाकायच्या की नाही, यावर नॉर्वेत कडाक्याचा वाद पेटला.