उसाबरोबर अंगाचीही निगा



बेणे, खताचे हप्ते, पाण्याच्या पाळ्या यांवर आम्ही या पानांतून वरचेवर लिहितो. आजचा विषय थोडा निराळा आहे. शेतकी खात्याची आमची मंडळी शिवारात फिरतात तेव्हा पीक दिसते, तसे पीक करणाऱ्याचे हातपायही दिसतात. पात्याने चिरलेले हात, कूस लागून खाजणारी मान, टाचांच्या भेगा, कमरेला नाहीतर जांघेत गजकर्ण. "चालायचंच, शेतकऱ्याचं अंग आहे!" असे म्हणून सोडून देण्याची आपली रीत. आम्हास ती पटत नाही.

रोजचा क्रम अगदी सोपा आहे. रानातून आल्यावर साध्या किंवा कोमट पाण्याने, अंगाच्या साबणाने अंग धुवावे. कपड्याचा साबण अंगाला लावू नये. त्याच्या खाराने कातडी कोरडी पडते व फुटते. तणनाशक मारले असेल तर चहा मागून घेण्याआधी अंघोळ, आणि ते कपडे घरच्या धुण्यात न मिसळता वेगळे धुवायचे. पाठीवरचा पंप गळत असेल तर भिजलेले कपडे जागीच बदलावेत. औषध कातडीतून आत जाते, आणि जांघेची कातडी हाताच्या कातडीपेक्षा ते कितीतरी अधिक शोषते.

अंग टिपून थोडे ओलसर असतानाच खोबरेल किंवा व्हॅसलीन लावावे, म्हणजे ओल आत धरून राहते. पाचटाचे आच्छादन रानात जे काम करते तेच हे. टाचांना भेगा असतील तर दहा मिनिटे कोमट पाण्यात पाय ठेवून वजरीने हलके घासावे, व्हॅसलीन लावून रात्री सुती मोजे घालावेत. डॉक्टर भेगांना युरियाचे मलम देतात हे ऐकून काहींना हसू येईल, पण ते खरे आहे. म्हणून पोत्यातला युरिया कोणी पायाला चोळू नये!

फडात शिरताना पूर्ण बाह्यांचा शर्ट हवा. भांगलणीच्या बायका साडीवर शर्ट चढवतात. आपण पुरुष मात्र बंडीवर आत घुसतो. बांधावरचे गाजर गवतही उघड्या हाताने उपटू नये, त्याने अंगावर उठलेली खाज काहींना वर्षानुवर्षे सोडत नाही. नवे मलम आणलेच तर एका वेळी एकच, आणि आधी चार-पाच दिवस हाताच्या आतल्या बाजूस लावून पाहावे. नवीन वाण आपण आधी चार सऱ्यांतच लावतो ना?

आता मुख्य गोष्ट. गजकर्णावर दुकानातून मागून आणलेली ट्यूब. दोन दिवसांत खाज थांबते, म्हणून शेजाऱ्यालाही तीच सांगितली जाते. पुष्कळशा ट्यूबांत स्टेरॉईड असते. ते खाज व लाली दाबते, पण बुरशी मरत नाही. ती पसरते, ट्यूब थांबवली की दुप्पट उठते, आणि कातडी पातळ होऊन जांघेत कायमचे वळ पडतात. 2018 साली केंद्र सरकारने अशी अनेक स्टेरॉईड मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली, तरी मागणारा मागतो आणि देणारा देतो. हीच मलमे चेहरा उजळावा म्हणून लग्नाआधी मुलींना लावली जातात, हे तर फारच वाईट.

गजकर्ण झाल्यास डॉक्टरांना दाखवावे. खाज थांबली तरी सांगितले तितके दिवस औषध घ्यावे. टॉवेल प्रत्येकाचा वेगळा, कपडे उलटे करून कडक उन्हात वाळवलेले. घरात आणखी कोणाला असेल तर सर्वांनी एकदमच उपचार घ्यावेत, नाहीतर ते घरातच फिरत राहते.

मधुमेह असलेल्यांनी पायाच्या भेगेवर घरचे प्रयोग करू नयेत. आणि फिकट वा लालसर चट्टा खाजत नसेल, त्यावर टोचले तरी कळत नसेल, तर त्याच आठवड्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. तो कुष्ठरोगाचा असू शकतो. त्याचे औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते आणि रोग पूर्ण बरा होतो.