शुक्रवारी वाजवून बघा

मालेगावात शुक्रवारी लूम बंद असतात. एरवी दिवसरात्र चालणारी खटखट थांबते आणि घरातले बारीकसारीक आवाज कानावर येऊ लागतात. फरशी वाजवून बघायची असेल तर याच दिवशी. एक नाणं घ्यायचं, उकिडवं बसायचं आणि एकेक टाइल ठोकत सरकायचं. खाली माल नीट भरलेला असेल तर आवाज कोरडा येतो, 'टक' असा. पोकळ असेल तर 'डब'. तिथे खडूची खूण करून पुढे.

आमच्या ओट्यासमोरच्या टाइलला तडा गेला तेव्हा मिस्त्रीने आधी तड्याकडे पाहिलंच नाही. थापीच्या मुठीने आजूबाजूच्या टाइल वाजवल्या आणि म्हणाला, "भाऊ, फुटली एक, पण पोकळ तीन आहेत. खाली माल भरलाच नाही, नुसते गोळे टाकलेत." चार कोपऱ्यांना चार गोळे, मधे एक, वरून टाइल दाबली की काम झालं. माल वाचतो, वेळ वाचतो. सिरॅमिक टाइल म्हणजे हजार अंशांच्या वर भाजलेली माती आणि तिच्यावर काचेसारखा चकाकीचा पातळ थर. ती दाब कितीही सोसते, पण वाक अजिबात नाही. गोळ्यांच्या मधल्या पोकळीवर हातातून वरवंटा सुटला की तिथेच चिरते. दोष वरवंट्याला लागतो.

तडा एकाच टाइलपुरता आहे की पाच-सहा टाइलमधून सरळ रेषेत गेलाय, हेही बघावं. रेषेत गेला असेल तर टाइल बदलून उपयोग नाही. आपल्या भागातली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. भरणी नीट दाबलेली नसली की तळमजल्याची फरशी तिच्याबरोबर हलते. आधी ती भरणी बघावी लागते.

नुसता टवका उडाला असेल तर काम तासाभराचं. जागा धुऊन पूर्ण कोरडी करायची. एम-सीलच्या दोन्ही कांड्यांचे सारखे तुकडे रंग एकजीव होईपर्यंत मळायचे, खड्ड्यात दाबून ओल्या बोटाने सपाट करायचे. घट्ट झाल्यावर बारीक पॉलिश पेपर आणि वरून जुळेल तसा ऑइलपेंट. रंग हुबेहूब जुळत नाही, हे आधीच मान्य करावं.

पोकळ पण अखंड टाइल काढायची गरज नाही. सांध्यात ड्रिलने बारीक भोक पाडून मोठ्या सिरिंजने सिमेंटचं पातळ, लॅटेक्स घातलेलं मिश्रण आत सोडतात. वर पाण्याने भरलेला हंडा, दिवसभर. अर्थात, आत धूळ साचलेली असली तर पकड बेताचीच येते.

फुटलेली मात्र काढावीच लागते. आधी चारही बाजूंचा सांधा खरवडून मोकळा करायचा, नाहीतर छिन्नीचा मार शेजारणीला बसतो. मग डोळ्यांवर चष्मा, टाइलवर फडकं आणि घाव मधोमध, मधून कडेकडे. जुना माल खरवडून, झाडून घ्यायचा. नवी टाइल बसायला तिच्या जाडीखेरीज खालच्या मालापुरती खोली हवी. जिथे जुन्या पद्धतीने सिमेंटवर बसवायची तिथे सिरॅमिक टाइल आधी पाण्यात भिजवतात. न भिजवता लावली तर ती मालातलं पाणी पिऊन टाकते. भिंतीच्या टाइलचं शोषण १० टक्क्यांच्या वर असतं, व्हिट्रिफाइडचं अर्धा टक्काही नाही. तिला भिजवून काय होणार? तिला अॅडेसिव्हच लागतं, आणि अॅडेसिव्हला कोरडी टाइल.

एकदा मी शहाणपणा करून वैशाखात भरदुपारी अॅडेसिव्ह पसरलं. पारा ४० च्या वर. दातेरी थापीने रेघा ओढून टाइल आणायला गेलो, परत येईतो वर साय धरलेली. तशीच बसवली. महिन्याभरात 'डब'. आता सकाळी सातच्या आत, आणि पसरण्याआधी खालची जागा ओल्या फडक्याने पुसून.

सांधा दोन-तीन मिलिमीटर ठेवावा. टाइल टाइलला भिडवली की उन्हाने फुगायला जागा उरत नाही आणि एखाद्या दिवशी दोन टाइल तंबूसारख्या उभ्या राहतात. सांधा दुसऱ्या दिवशी भरायचा. पांढरं सिमेंट स्वस्त, पण पिवळं पडतं, ग्राऊट बरं.

खरी अडचण पुढेच. तीच टाइल मिळत नाही. आपल्याकडचा बराचसा माल गुजरातच्या मोरबीचा. तिथल्या डिझाइन भराभर बदलतात, आणि एकाच डिझाइनच्या दोन खेपांची छटाही वेगळी निघते. दुकानदाराला नमुना दाखवला की तो म्हणतो, "ही स्टाइल बंद झाली, भाऊ." (आमच्याकडे टाइलला 'स्टाइल'च म्हणतात, आणि अशा वेळी तो शब्द अगदी बरोबर वाटतो.) घर बांधताना चार टाइल माळ्यावर ठेवल्या नसतील तर धान्याच्या कोठीखालची अखंड उचकटून पुढे आणायची आणि कोठीखाली मिळेल ती बसवायची. ती पालथ्या थापीने, घाई न करता काढली तर शाबूत निघते. आमची एक निघाली, एक नाही.

पांढरे तुकडे टाकले नाहीत. गच्चीवर चायना मोझॅक करताना मिस्त्री असलेच तुकडे मागतो. ऊन परतवायला ते चांगले, आणि फुटक्या टाइल तो पुन्हा फोडूनच बसवतो.