गाडीची निगा (भाग ७) : काळ्या समुद्राची वाळू

व्हॅक्यूम क्लीनरच्या फिल्टरवरचा लेख आज नाही. मागच्या शनिवारी दिलेला शब्द पुढच्या शनिवारी पाळतो. मधल्या दिवसांत एक फोन आला, आणि त्यातला प्रश्न बाजूला सारून पुढे जाणं मला जमेना.

फोन नाचणे रस्त्यावरच्या एका वाचकांचा. मे महिना, घर पाहुण्यांनी भरलेलं, रोज संध्याकाळी मुलांना घेऊन मांडवीच्या किनाऱ्यावर फेरी. "व्हॅक्यूम रोज मारतो हो," ते म्हणाले. "कार्पेट वरून स्वच्छ दिसतं. दुसऱ्या दिवशी मॅट उचलली, की सीटच्या रुळाकडेला काळी रेघ पुन्हा हजर. आरे-वारेच्या किनाऱ्यावर जाऊन आलो तेव्हा असं झालं नव्हतं. मशीन गेलं का?"

मशीन ठणठणीत आहे. फरक वाळूत आहे, आणि या वाळूबद्दल मला कितीतरी दिवस लिहायचं होतं.

आपल्या रत्नागिरीला दोन समुद्र आहेत. रत्नदुर्ग किल्ल्याच्या एका अंगाला काळा, म्हणजे मांडवीचा, दुसऱ्या अंगाला पांढरा. पाणी एकच, नावं पडली ती वाळूच्या रंगावरून. पांढऱ्या वाळूत शिंपल्यांचा चुरा भरपूर. काळ्या वाळूतले काळे कण सह्याद्रीच्या कातळातले. बेसॉल्ट झिजतो, नद्या-ओढे त्याचा चुरा समुद्रात आणून टाकतात आणि लाटा तो निवडत बसतात. हलकं ओढून नेतात, जड किनाऱ्यावर ठेवतात. त्या जड भागात मुख्य खनिज इल्मेनाइट, म्हणजे लोह आणि टायटॅनियम यांचं ऑक्साइड. साखरतरच्या खाडीपलीकडे काळबादेवीला तर ते इतकं आहे, की गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तिथल्या उपसागराच्या तळाचा अभ्यास केला आहे. याच इल्मेनाइटपासून टायटॅनियम डायऑक्साइड बनतं आणि पांढऱ्या रंगाचा शुभ्रपणा त्यातूनच येतो. पांढऱ्या गाडीच्या पत्र्यावरचा रंग आणि तिच्या कार्पेटमधली काळी रेघ यांचं मूळ एकाच जातीच्या खनिजात आहे. हे मला पहिल्यांदा कळलं, त्या दिवशी मी मांडवीवर जाऊन मूठभर वाळू उगाचच बराच वेळ हातात धरून बसलो होतो.

आता वजनाकडे या. शिंपल्याचा चुरा पाण्याच्या पावणेतीनपट जड, इल्मेनाइट साडेचारपटीहूनही जड. घरी एक वाटी काळी आणि एक वाटी पांढरी वाळू शेजारी ठेवून उचला, तराजू लागणार नाही. सारख्या आकाराचे दोन कण हवेने उचलायचे, तर काळ्याला सुमारे दीडपट वेग द्यावा लागतो. त्यात तो वर राहतच नाही. आपल्याकडे तांदूळ रोळताना काय होतं? पाण्यात हलवत राहिलं, की खडे खाली बसतात. गाडी रस्त्यावर हादरत जाते तेव्हा कार्पेटमध्ये हेच रोळणं चालू असतं. धूळ, केस, खाऊचा चुरा वर राहतो. काळे कण धाग्यांच्या मुळाशी जातात आणि उतार मिळेल तिकडे, म्हणजे रुळाच्या कडेला, गोळा होतात. आमच्या वाचकांचं मशीन वरचं सगळं इमानाने उचलत होतं. रेघ तळाशी होती.

मग जास्त ताकदीचं मशीन घ्यावं का? याचं उत्तर देण्याआधी एक प्रयोग करा. मेणबत्ती पेटवा, हातभर अंतरावर धरा आणि फुंकर मारा. विझते. पुन्हा पेटवा आणि तेवढ्याच अंतरावरून हवा तोंडाने आत ओढा. छाती भरून ओढा. ज्योत जेमतेम हलते. फुंकलेली हवा धारेसारखी एका दिशेने लांब जाते. ओढलेली हवा मात्र तोंडाच्या भोवतालच्या सगळ्या बाजूंनी येते, त्यामुळे जरा लांब गेलं की तिचा जोर संपतो. पाइपाच्या तोंडापासून त्या तोंडाच्या रुंदीइतकं अंतर पडलं, की वेग साधारण एक दशांशावर येतो. दोन बोटं रुंदीचं नोझल दोन बोटं वर धरलंत, तर नव्वद टक्के वेग तिथेच गेला. मोटार कितीही मोठी असो, हा नियम बदलत नाही.

व्हॅक्यूम क्लीनरच्या जन्माची एक गोष्ट याच फरकाची आहे आणि ती वाहनांशी जोडलेली आहे, हे मला फार आवडतं. १९०१ साली लंडनमध्ये रेल्वेच्या डब्यांतली धूळ दाबाच्या हवेने उडवणारं एक यंत्र दाखवलं जात होतं. धूळ उडायची आणि पुन्हा डब्यातच बसायची. ह्यूबर्ट सेसिल बूथ नावाच्या अभियंत्याने ते पाहिलं आणि त्याच्या मनात आलं, हवा उलटी का ओढू नये? त्याने एका उपाहारगृहात खुर्चीच्या गादीवर रुमाल ठेवला, त्यावर ओठ टेकवले आणि हवा ओढली. रुमालाच्या खालच्या बाजूला काळा डाग उमटला. त्याने ओठ टेकवले होते, हे विसरू नका. वीतभर वरून ओढून तो डाग उमटला नसता.

म्हणून काळ्या वाळूसाठी मशीन निवडताना मी मोटारीच्या आधी तोंड बघतो. दुकानात गेलात, की खोक्यातली सगळी नोझल टेबलावर मांडायला सांगा. चपट्या, निमुळत्या तोंडाचं एक हवंच. ते निदान वीतभर लांब हवं आणि सीट व दरवाज्याच्या मधल्या फटीत शिरलं पाहिजे. वाट अरुंद झाली की हवेचा वेग वाढतो. तोंड निम्मं केलं म्हणून वेग पुरता दुप्पट होत नाही, कारण अडथळाही वाढतो, पण काळा कण हलायला तेवढी वाढ पुरते. नोझल पाइपात बसवून हलवून बघा. खुळखुळत असेल तर हवा त्या सांध्यातून आत येईल आणि टोकाशी ओढ उरणार नाही. पाइप वेगळा, लवचीक आणि लांब असावा. पिस्तुलासारखं अख्खं मशीन हातात धरायचं असेल, तर सीटखाली मूठ अडते आणि तोंड रेघेपर्यंत पोचतच नाही. कडक केसांचा ब्रशही बघा, कारण तळाचे कण आधी कोणीतरी सुटे करावे लागतात.

खोक्यावरचा पास्कलचा मोठा आकडा वाचून हुरळू नका. तो तोंड पूर्ण बंद करून मोजलेला दाब असतो. तोंड बंद म्हणजे हवा थांबलेली, आणि थांबलेली हवा वाळू नेत नाही. दर सेकंदाला किती लिटर हवा ओढली जाते, हा आकडा छापलेला असेल तर तो आधी वाचा. लायटरच्या सॉकेटवरचं मशीन इथे कमी पडतं, कारण त्या सॉकेटमधून मिळणारी वीजच मर्यादित असते. ते गाडीत राहू द्या, बिस्किटाच्या चुऱ्याला ते उत्तम आहे. मांडवीच्या वाळूला मात्र घरातलं विजेवरचं मशीन लांब वायर लावून पार्किंगमध्ये उतरवा.

नाचणे रस्त्यावरच्या वाचकांना मी जे सांगितलं, ते तुम्हालाही सांगतो. वाळू आधी पूर्ण वाळू द्या, ओले कण एकमेकांना आणि धाग्यांना धरून बसतात. मॅट बाहेर काढा, उलटी करून पाठीवर काठीने झोडा. सीट पूर्ण मागे न्या, कडेला नोझल टेकवा, आणि दुसऱ्या हाताने ब्रशच्या दांड्याने त्याच्या शेजारी कार्पेटवर ठोकत राहा. ठोकलं की कण उडी मारतो आणि तोंड टेकलेलं असल्यामुळे त्या उडीतच उचलला जातो. नोझल जोराने दाबू नका, हवेला आत यायला फट हवी. मग सीट पूर्ण पुढे घेऊन रुळाची दुसरी बाजू. गॅरेजमधली दाबाची हवा इथे मारू नका, ती कण शिवणीत आणि रुळाच्या आत ढकलते.

कोपऱ्यासाठी एक युक्ती. जुन्या स्पीकरचं लोहचुंबक पातळ पिशवीत गुंडाळून रेघेवरून फिरवा. काळ्या वाळूत मॅग्नेटाइटही असतं. त्याचे कण टुणकन उडून पिशवीला केसाळ सुरवंटासारखे चिकटतात. पिशवीतून चुंबक काढून घेतलं की गळून पडतात. इल्मेनाइट चुंबकाला फार कमी दाद देतं, तेव्हा सगळी वाळू अशी निघणार नाही. मुलांच्या हाती हे काम जरूर द्या.

हे सगळं मृगाच्या आधी उरका. समुद्राच्या वाळूबरोबर मीठ येतं. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं, तसंच हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की कार्पेटमधलं मीठही पाणी धरतं. मग कार्पेट चार महिने वाळत नाही आणि सीटचे रूळ गंजू लागतात. ओल्यासाठीचं मशीन हा वेगळा, मोठा विषय आहे, फिल्टरनंतर तोच.

परवा त्यांचा पुन्हा फोन आला. त्यांनी रेडिओ बंद केला, नोझल टेकवलं आणि ठोकायला सुरुवात केली, तेव्हा पाइपातून पत्र्यावर पाऊस पडावा तसा आवाज आला म्हणे, आणि तो बराच वेळ थांबेना. तो जड वाळूचा आवाज. धुळीला असा आवाज नसतो. व्हॅक्यूम मारताना त्यासाठी कान उघडे ठेवा, आणि तो थांबेपर्यंत तिथून हलू नका.